पूर्णेच्या बेटावरचं दगडांचं रिंगण

गेल्या माघात मी पूर्णेच्या बेटावर जाऊन आलो. निघालो तो रागाच्या भरात, आणि परत आल्यावर तो राग कुणावर काढावा हेच मला कळेना.

मी मूळचा पुण्याकडचा, अमरावतीच्या शाळेत मास्तर. इथे सध्या कापसावाचून दुसरा विषय नाही. तिकडे अमेरिकेत भाऊ भावाशी लढतोय, तिथला कापूस अडकलाय आणि इकडे आमच्या गल्लीतल्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या आहेत. शेजारचे संपतराव कापसाचे अडते. एका संध्याकाळी ओट्यावर पान लावता लावता ते सहज म्हणाले की त्यांच्या मावशीच्या गावाजवळ, नदीतल्या बेटावर, पुरुषभर उंचीच्या दगडांचं एक रिंगण आहे. कुणी मांडलं, कधी मांडलं, काही ठाऊक नाही. गावकरी त्याला गवळ्यांची बैठक म्हणतात. आता आगगाडीच्या सडकेचा ठेकेदार ते दगड फोडून नेणार आहे.

मला धक्काच बसला. पूर्णेचं खोरं ज्यांनी पाहिलंय त्यांना तो कळेल. तिथे खाली हातभर खणा की पुरुषभर, काळी मातीच लागते. चुलीला तीन दगड हवे तर ते शोधत हिंडावं लागतं. अशा ठिकाणी एवढे दगड कुणीतरी सातपुड्यातून ओढत आणले असतील, आणि आपण त्यांची खडी करणार? मी संपतरावांना म्हटलं, उद्याच निघू. गावकऱ्यांचे पाय धरावे लागले तरी ते रिंगण वाचवायचंच, असा माझा बेत होता.

उद्या काही जमलं नाही. सगळे बैल कापूस वाहण्यात गुंतलेले. चौथ्या दिवशी एक दमणी, हलकी बैलगाडी, मिळाली, तीही दुप्पट भाड्यात, वर बैलांची सरकी आमच्याकडे. कुणाला जायचं असेल तर त्याने सुगी ओसरल्यावरच जावं आणि पिण्याचं पाणी घरून न्यावं. नदीकडच्या विहिरी खाऱ्या आहेत. तिथलं पाणी मी एकदा प्यालो, पुन्हा पिणार नाही.

दर्यापूरच्या वाटेवर समोरून कापसाच्या गाड्यांची रांग संपतच नव्हती. दोन्हीकडच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून झाडं पांढरी झालेली. धूळ इतकी की संपतरावांच्या मिशा कुठे संपतात ते दिसेना. दुपारी एका आमराईत थांबलो, गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. भाजीच्या पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. संपतराव म्हणाले, यात तिखट घालायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना गावात पोचलो. मावशी साठीच्या, उंच, कपाळ मोकळं. त्यांचा नवरा वीसेक वर्षांपूर्वी कापसाची गाडी घेऊन मुंबईला निघाला होता आणि परत आला नाही, हे संपतरावांनी मला वाटेतच सांगून ठेवलं होतं. वाटेत पटकीने गेला म्हणतात. कुठे गेला, कुणी उचलला, काही कळलं नाही.

हातपाय धुऊन होतात न होतात तोच मी दगडांचा विषय काढला. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वाचवले ना आमी. तुमी काहून घाबरून राहिले?"

मग त्यांनी सारं सांगितलं. संपतरावांची बातमी शिळी होती; दोन महिन्यांपूर्वीच ठेकेदाराची माणसं पहारी, घण घेऊन आली आणि गावात उतरली. मावशींनी त्याच रात्री घरोघरचा शेंदूर गोळा केला, तेलात कालवला आणि बायकांना घेऊन बेट गाठलं. सकाळी दगडफोडे नदी ओलांडून गेले तर समोर एकेक दगड लालभडक. त्यांनी पहारी खाली ठेवल्या, हात जोडले आणि आल्या वाटेने निघून गेले. ठेकेदाराने आदळआपट केली, पण देवावर घण घालायला माणूस कुठून आणणार?

मी खुशीने मांडीवर थाप मारली. जे करायला मी एवढी धूळ खात आलो, ते या बाईने शेंदराने करून टाकलं होतं. त्या रात्री मी चार भाकरी खाल्ल्या.

सकाळी बेटावर निघालो. पूर्णा इथे दुभंगते आणि मधे लांबोडकं बेट राहतं. पावसाळ्यात तिकडे कुणी फिरकत नाही, माघात पाणी गुडघ्याएवढं असतं. वहाणा हातात घ्याव्यात, चिखल पाय सोडत नाही. पलीकडच्या काठावर चढलो आणि मी जागीच थांबलो.

समोर नवाकोरा ओटा होता. मातीचा भराव, वर चुन्याचा गिलावा, दोन्ही टोकांना झेंडे. त्यावर सगळे दगड एका सरळ रांगेत, पूर्वेकडे तोंड करून, खांद्याला खांदा लावून उभे. एकही फुटलेला नाही, आणि रिंगण मात्र कुठेच नाही. बाजूला मोकळ्या जमिनीत गोलाकार खड्डे तेवढे राहिले होते, दात पडलेल्या हिरडीसारखे.

 करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ते हेच. मी संपतरावांकडे पाहिलं, त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. हे का केलंत, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. मावशींना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"गोल बसले होते ना ते. एकाच्या पाया पडाले गेलं की दुसऱ्याले पाठ होते. देवाले पाठ कशी करावी, मास्तर?"

 दगडाचा देव झाला म्हणून तो वाचला, आणि देव झाला म्हणूनच रिंगण मोडलं. गावाने कापसाचा पैसा घातला, आठ आठ बैल जुंपले. हौसेने, भक्तीने, आंघोळ करून मोडलं.

तरी मी हट्ट सोडला नाही. खड्डे अजून बुजले नव्हते. पुन्हा पूर येऊन गाळ बसण्याआधी दगड जागच्या जागी लावता आले असते. आमच्या मागोमाग पाटील आले होते, भला माणूस. त्यांना सारं समजावून सांगितलं. ते डोकं खाजवत म्हणाले की बैल देतो, माणसं देतो, पण मावशी हो म्हणाल्या तरच.

मावशी मला खड्ड्यांच्या मधोमध घेऊन गेल्या. तिथली माती उकरलेली होती. ओट्याच्या भरावासाठी इथे खणलं, तेव्हा खाली माणसाची हाडं लागली, असं त्या म्हणाल्या. सोबत एक लोखंडी कुऱ्हाड आणि हातातलं तांब्याचं कडं.  म्हणजे ही कुणाची बैठक नव्हती. कुणाला तरी इथे निजवून त्याच्याभोवती एवढे दगड मांडले होते, कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी.

हाडं कुठे आहेत, मी विचारलं. त्यांनी नदीकडे हात केला.

हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. मी ओरडलोच. ते कोण होते, कुठले होते, हे सांगणारं तेवढंच तर उरलं होतं, आणि तेही तुम्ही वाहत्या पाण्यात सोडलंत? त्या माझं बोलणं संपेपर्यंत थांबल्या.

"उघडे पडले होते बिचारे. घरचं कोनी नाई, गोत नाई. मंग कुऱ्हाड, कडं, समदं संगं देल्लं आन पान्यात सोडलं. दहाव्याले भात ठेवला तं कावळा लगेच शिवला." मग त्या म्हणाल्या, "आमच्या मानसालेबी रस्त्यात कोनीतरी असंच पानी देल्लं असंन ना, मास्तर?"

संपतरावांनी तोंड फिरवलं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? दगड परत लावायचं मी पुन्हा काढलं नाही, आणि पाटलांनीही विचारलं नाही.

 बेटावर जायचं तर जरूर जा, ओटा बघा, पण रिंगण बघायला म्हणून जाऊ नका, निराश व्हाल. मावशींचं चुकलं असं मला आजही वाटतं. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते मात्र सांगता येत नाही. ती जागा यंदाच्या पुरात सपाट झाली असेल या विचाराने अजूनही कधी कधी अंगाचा तिळपापड होतो.

भाद्रपदात घरी पितरांना पाणी देत होतो. आजा, पणजा, मातुल, सगळे झाले. शेवटी ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी एक ओंजळ असते. ती मी दरवर्षी उरकून टाकायचो. यंदा ओंजळ सोडली, पुन्हा भरली, पुन्हा सोडली. पानं वाढून बायको दारात येऊन उभी राहिली आणि घाबरून तिने विचारलं, कुणी गेलं का?

गेलं, मी म्हणालो. पूर्णेकाठचं होतं कुणीतरी.

ती ओळखीचं का म्हणून विचारायला लागली, पण माझ्या तोंडाकडे पाहून तांब्यात आणखी पाणी घालून गेली.