अर्धा कंद मातीत

क्रोधाची गणना आपण षड्रिपूंमध्ये करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु प्राचीन ऋषींनी मन्यूला, म्हणजे क्रोधालाच, देवता मानून आवाहन केले. जो संताप स्वतःसाठी पेटत नाही, तो त्यांना वंदनीय वाटला. आत्याबाईंचा संताप या दुसऱ्या कुळातला होता. जवळच्यांना तो सुसह्य होता, असे मात्र म्हणवत नाही.

त्यांची डोंगरातली वस्ती उठवून वनखात्याने डोंगराला कुंपण घातले, त्याला वीस वर्षे होऊन गेली होती. वस्तीला शहराच्या कडेला पत्र्याच्या एकसारख्या खोल्या मिळाल्या. तिथे बायकांची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. डोंगरात असताना अशा बाईला चारचौघी कंद खणायला नेत. जिचे दुखणे तिनेच खणायचे. अर्धा कंद घ्यायचा, अर्धा परत मातीत ठेवायचा. बाकीच्या भोवती बसून गात, जुन्या गोष्टी काढत, एकमेकींची टवाळी करीत. खणता खणता मनाची गाठ कुठेतरी सैल होई.

आत्याबाईंची भाची रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालीत असे. तिची चार महिन्यांची मुलगी तापाने गेली आणि ती बोलेनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राही. हिला एकदा डोंगरावर न्यायचे, हा आत्याबाईंचा ध्यास झाला. त्यासाठी परवाना हवा होता.

“उद्देश काय लिहू?” वनखात्याच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारले.

“कंद खणायचाय.”

“आतलं काही गोळा करायला बंदी आहे, आजी.”

“गोळा कुठं करतेय? अर्धा तिथंच ठेवायचाय.”

“असा रकाना नाही.”

“मग आख की. पट्टी आहे ना समोर?”

पाच महिने हेलपाटे झाले. साहेब कधी दौऱ्यावर असत, कधी बैठकीत. अर्ज मात्र कायम वाटेत असे.

आरोग्यकेंद्राच्या समुपदेशक बाई स्वभावाने लोण्याहून मऊ. त्यांनी बायकांसाठी एक खोली दिली, खुर्च्या गोल मांडल्या, भिंतीवर धबधब्याचे चित्र लावले. आत्याबाई ते बघत म्हणाल्या, “झकास आहे. फक्त ओलं होत नाही.”

मग एके सकाळी बाई हसतमुखाने पोते घेऊन आल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याला गळ घालून त्यांनी कंद काढून आणवले होते. सबंध, घासून धुतलेले.

“आता तुम्हाला एवढ्या लांब जायला नको, आत्याबाई.”

आत्याबाईंनी एक कंद हातात घेऊन फिरवून पाहिला. “बाई, तुम्ही जेवलात तर माझं पोट भरेल का? आणि त्या मेल्यानं एकही अर्धा मागं ठेवला नाही.”

“मी चांगल्यासाठीच केलं हो.”

“ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्यावर ओरडताही येत नाही.”

त्या तशाच धुमसत घरी आल्या. पोते त्यांनी भाचीच्या अंथरुणाशी आपटले. “हे डोंगराचं आहे. परत करायचंय. मला पेलत नाही, उचल.”

चादरींची गाठोडी वाहिलेले ते हात. भाची उठली, पोते खांद्यावर घेतले. शेजारच्या सहा जणी मागोमाग निघाल्या.

“कागद?” पहारेकऱ्याने विचारले.

“कागद नाही, माल आहे. तुझ्याच हातचा.”

त्याने पोत्यात डोकावले आणि त्याचा चेहरा उतरला.

“बाहेर काही न्यायला बंदी, असं तूच पाटी दाखवून सांगतोस,” आत्याबाई म्हणाल्या. “कुणी नेलं ते साहेबांना सांगू, की आत ठेवू देतोस?”

“माझ्या पोटावर पाय देऊ नका, आत्याबाई.”

“म्हणून तर म्हणते, कुलूप काढ.”

“बारापर्यंत. एक मिनिट जास्त नाही.”

आत गेल्यावर आत्याबाईंनी आपली टोकदार काठी भाचीच्या हाती दिली. ती खणू लागली. शेजारीण म्हणाली, “घड्या घालणारीचा हात हो. खड्डासुद्धा चौकोनी काढतेय.” सगळ्या हसल्या, भाची हसली नाही. पण कुणीतरी कंद ठेवायला वाकली, तेव्हा ती म्हणाली, “थांबा. अजून खोल हवा.”

पाच महिन्यांतले ते पहिले बोलणे. आत्याबाईंनी तोंड फिरवून गाणे धरले. सूर लागत नव्हता, तरी धरले.

बारा वाजता शिट्टी झाली. निम्मे कंद पोत्यातच राहिले होते.

“घड्याळ बघून दुखणं येतं का रे?” बाहेर पडताना आत्याबाईंनी पहारेकऱ्याला विचारले. त्याने कुलूप लावले.

पुढची दोन वर्षे त्या त्याच खिडकीशी जात राहिल्या. परवाना आला तो त्यांच्या मृत्यूनंतर अकरा दिवसांनी: दर मंगळवारी एक तास, दहा व्यक्ती, खणण्यास मनाई. उद्देशाच्या रकान्यात ‘सहल’ लिहिले होते.

भाची पुन्हा धुलाईघरात जाते. मंगळवारी ती सुट्टी घेते आणि नऊ जणींना घेऊन फाटकाशी उभी राहते. आत्याबाईंची काठी पहारेकऱ्याच्या खोलीत, दाराआड ठेवलेली असते; कुलूप काढताना तो ती भाचीच्या हाती देतो.