दोन तालुक्यांचा ताप

कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतल्या तापाच्या जुन्या नोंदी एकत्र करून आलेख काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी कर्जतच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. गुरांच्या कच्च्या दुधातून किंवा ती विताना उघडा हात लावल्यानं माणसाला होणारा एक ताप असतो, ब्रुसेलोसिस. त्याचे रुग्ण वर्षागणिक वाढताहेत का, एवढंच वरच्यांना हवं होतं.

आधीची वर्षं सोपी होती. शून्य, शून्य, शून्य. आमच्याकडे तपासणीचं किट आलं त्या वर्षी रेघ उचलली आणि मग दर वर्षी थोडी थोडी चढतच गेली. आमच्या डॉक्टरांनी आलेख बराच वेळ पाहिला. म्हणाले, "रोग वाढलाय, की आपण आत्ता कुठे शोधायला लागलोय?"

ते बघायलाच हवं होतं. म्हणून मी त्या शून्याच्या वर्षांची रजिस्टरं पुन्हा उघडली. तेव्हा या तपासणीचा रकानाच नव्हता. ज्यांचा ताप मलेरियात बसला नाही, टायफॉइडमध्येही बसला नाही, त्यांच्यापुढे 'ताप, कारण अज्ञात' असं लिहून ठेवलेलं. अशी पानंच्या पानं.

त्यातल्या एका पानावर माझ्या वडिलांचं नाव होतं.

ताप, सांधेदुखी, मलेरिया नाही. महिन्याने पुन्हा तेच. दिवाळीनंतर पुन्हा. मी तेव्हा कॉलेजात होते. घरात सगळे म्हणायचे, बाबांना आता कष्ट झेपत नाहीत. दिवस कलला की ते अंगावर घोंगडी घेऊन बसायचे, आणि घाम एवढा सुटायचा की बंडी पिळून वाळत घालावी लागे. पुढे त्यांच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं कळलं, आणि ते गेले. हा ताप अंगात राहिला तर झडपेपर्यंतही पोचतो. अडलेली म्हैस सोडवायला आसपासची माणसं त्यांनाच बोलवायची.

त्यांचं आता काय तपासणार? रजिस्टर मिटताना माझ्या डोक्यात वेगळंच आलं. कशेळ्याच्या बाजूला आमच्या गावात आता धाकटा भाऊ म्हशी पाळतो.

मी तिथूनच त्याला फोन लावला. "ताप-बीप येतो का रं तुला?"

तो हसला. "तुला कुनी सांगितलं? पंधरा दिवस झाले, येतो नि जातो. कंबर पन धरलीय."

"आणि म्हशी?"

"एक गाभडली गं मागच्या महिन्यात, दिवस भरायच्या आधीच रेडकू पडलं. वार अडकली होती, मीच काढली."

"हातात काही घातलं होतंस?"

"काय घालायचं? बाबा घालायचे का?"

हा ताप गरोदर बाईला झाला तर पोटातलं मूलही जाऊ शकतं. भावजयीला पाचवा महिना होता. गोठ्यातलं शेण, लोटणं, धार काढणं सगळं तिच्याकडे. आणि दोन वर्षांपूर्वी तिचं एक मूल पोटातच गेलं होतं. तेव्हा सगळ्यांनी नशीब म्हटलं होतं, मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जीपनं आली. रक्त मीच काढलं. पांढऱ्या पट्टीवर रक्तातल्या पाण्याचा थेंब, शेजारी गुलाबी औषधाचा थेंब, दोन्ही मिसळायचे आणि पट्टी चार मिनिटं हळूहळू डोलवायची. रोग असेल तर मिश्रण रवाळ होतं. भावाचं मिनिटभरातच फाटल्या दुधासारखं झालं. भावजयीचं चार मिनिटं पाहिलं, मग आणखी दोन मिनिटं पाहिलं. काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "आज नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका. पंधरा दिवसांनी पुन्हा आणा." भावाला दीड महिन्याच्या गोळ्या लागल्या, जोडीला रोजचं इंजेक्शन.

बाहेर बाकावर मी त्याला विचारलं, "ती म्हैस कुठाय?"

त्यानं मान खाली घातली. "दिली. खालापूरच्या अंगाला. टेंपोवाला दलाल घेऊन गेला."

"गाभडल्याचं सांगितलंस?"

"मला देताना कुनी काय सांगितलं होतं?"

त्याच्यावर ओरडायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तो तापानं कापत होता.

दलालाकडून पत्ता काढून त्या रविवारी मी गुरांच्या डॉक्टरांना सोबत घेऊन गेले. वाटेत मी एकच धरून बसले होते, म्हैस पुढे कुणाला विकलेली नसू दे. ती अंगणातच बांधलेली दिसली. घरातली बाई आनंदानं पुढे आली, आम्हाला बसवलं आणि दोन पेले आणले. "आताच काढलंय, धारोष्ण हाय. घ्या."

पेला हाताला कोमट लागत होता. मी तो खाली ठेवला. म्हटलं, "ताई, ही म्हैस माझ्या भावाची होती. तो आजारी आहे. तिच्यापासूनच झालंय, असं वाटतंय."

बाईचा चेहराच उतरला. "आनि तुमी हे आता सांगता? माझ्या सासऱ्यांना आठ दिवस झाले, ताप हाय."

त्यांचं रक्त मी तिथंच घेतलं. सोमवारी माझ्या डोळ्यांदेखत तेही रवाळ झालं. खालापूर तालुक्याच्या खाली ती नोंद मी माझ्या हातानं केली. रेघ आणखी एक पायरी चढली, आणि ही पायरी कोणत्या टेंपोतून आली ते मला ठाऊक होतं. आमच्या डॉक्टरांना म्हटलं, "शोधतोय म्हणून सापडतंय, हे खरंच. पण सर, रोग फिरतोही आहे."

म्हशीचं रक्तही तसंच निघालं. भावानं ती परत आणली आणि बाकीच्यांपासून लांब बांधली. त्या घरातले सासरे औषधानं बरे झाले, पण ती बाई माझ्याशी नंतर कधी धड बोलली नाही.

भावजयीची तपासणी दर पंधरवड्याला चालली. प्रत्येक वेळी मी पट्टी डोलवायची, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "ताई, आधीचं बाळ पन ह्याच्यानीच गेलं का वो?" मी खरं ते सांगितलं. माहीत नाही, आणि आता कळणारही नाही.

तिचं रक्त शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. नऊ महिने भरले आणि मुलगी झाली, तीन किलोची. तिची तपासणी स्वच्छ आली तेव्हा मी लॅबचं दार लावून रडले.

भावाचा ताप गेला, सहा महिन्यांनी एकदा उलटला, पुन्हा गेला. कंबर अजून साथ देत नाही. आता तो गोठ्यात हातमोजे घालून जातो, आणि दूध उकळल्याशिवाय घरात कुणी तोंडाला लावत नाही. मुलगी दीड वर्षाची झालीय. तिला साध्या सर्दीनं कणकण आली तरी भावजय मला फोन करते. मी तिला घाबरू नको म्हणते, आणि लगेच म्हणते, "उद्या सकाळी तिला घेऊन ये."