टाचणीवाल्या मॅडम

गिनिपिगला टाचणी टोचण्याआधी मॅडम ती स्वतःच्या डाव्या हातावर टोचून बघत. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल ठिपके कायमचेच. "मला जितकं लागलं तितकंच त्याला लागलं पाहिजे," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. बुऱ्हाणपूरच्या आमच्या फार्मसी कॉलेजात सगळे त्यांना टाचणीवाल्या मॅडम म्हणायचे, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

जागा बधिर करणारी नवी संयुगं आम्ही पोरं बनवायचो, तपासायच्या मॅडम. गिनिपिगच्या पाठीवरचे केस काढायचे, कातडीत थेंबभर औषध सोडायचं, फुगवट्याभोवती शाईनं गोल काढायचा आणि दर पाच मिनिटांनी त्यात सहा वेळा टोचायचं. अंग थरथरलं नाही की जागा सुन्न. मधल्या पाच मिनिटांत मॅडम स्टुलावर डोळे मिटून बसत. जैनाबादहून पूल ओलांडून आलेल्या, घरी सासू अंथरुणाला खिळलेली. "थकली रे बाबा मी," म्हणत, आणि पाचव्या मिनिटाला बरोब्बर उठत.

माझं सातवं संयुग भलतंच जोरकस निघालं. अर्धा तास गिनिपिग ढिम्म हललं नाही. मी घरी फोन करून पेढे वाटायला लावले. मॅडमनी नुसता चष्मा पुसला. "सुन्न तर डोक्यात दगड मारला तरी होते माणूस. परत उठते का नाही, ते पहिले बघू दे."

मग उंदरांवर विषारीपणा तपासला. सहापैकी चार झटके येऊन मेले. मॅडम त्या दिवशी सासूला घेऊन दवाखान्यात होत्या, वही माझ्या हातात होती आणि प्रबंधाला महिना उरला होता. मी 'एक' लिहिलं. मेलेले मागे पुरले, शेजारच्या पिंजऱ्यातले तीन इकडे आणून सोडले. टोचलेल्या प्रत्येक उंदराच्या शेपटीवर शाईची खूण असायची, ती या तिघांना करायची मात्र विसरलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी शेपट्या पाहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसून राहिल्या. "अब यातलं सच काय, कोणाले माहीत? परत करावं लागेल." निवृत्तीला आठवडा उरला होता, तरी नवे सहा उंदीर त्यांनीच आणले, एकेकाला हातात धरून त्यांनीच टोचलं. दुपारपर्यंत पाच गेले.

संयुग बाद झालं, पदवी वर्षभर लांबली. मॅडम मागच्या वर्षी वारल्या. त्यांची माफी मागायचं माझ्याकडून राहूनच गेलं. त्या दुपारी वही माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या होत्या, "पहिले मेले ते तुझ्या दवाईसाठी, बेटा. हे पाच तुझ्या खोट्यासाठी. लिही."