सहा वर्षांची गॅप

मी काम करत होते ते वृद्धांचं केअर होम बंद झालं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मला आयुष्यातला पहिला सीव्ही लिहायची वेळ आली. तोवरची सगळी कामं ओळखीतून मिळाली होती. आधी लंडनच्या ईलिंगमधलं कपडे अल्टर करायचं दुकान, मग शाळेचं किचन, शेवटी केअर होम.

मुलगी मिल्टन कीन्सहून लॅपटॉप घेऊन आली. ऑफिसात ती लोकांचे सीव्हीच चाळते. भराभर टाइप करता करता ती थांबली.

"आई, किचननंतर सहा वर्ष गॅप आहे. तेव्हा तू काहीच नव्हती करत ना? मी करिअर ब्रेक लिहिते."

माझं डोकंच फिरलं. त्या सहा वर्षांत सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना भरवणं, अंघोळ घालणं, दर दोन तासांनी कूस बदलणं मी एकटीने केलं. ही तेव्हा वरच्या खोलीत परीक्षांचा अभ्यास करत होती.

"ब्रेक?" मी ओरडलेच. "एक दिवस तरी मला नुसतं बसलेलं पाहिलंस? केअर होममध्ये ह्याच कामाचा पगार मिळाला. घरी केलं म्हणून ते काहीच नाही?"

"सॉरी आई, पण फॉर्मॅटमध्ये..."

"चुलीत घाल तुझा फॉर्मॅट. लिही, पूर्ण वेळ पेशंटची काळजी, बिनपगारी."

तिने तसंच लिहिलं.

पुढे हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये काम मिळालं. इंटरव्ह्यूत त्या सहा वर्षांबद्दलच सर्वांत जास्त विचारलं. मुलीला फोनवर सांगितलं, तर म्हणते, "बघ, सीव्ही चांगला लिहिला ना मी?"

मी फोन ठेवून दिला.