निशी

खिडक्यांच्या काचांना चिकटवलेल्या काळ्या कागदाचा आणि खळीचा वास अजून नाकात आहे... बाहेर नगरच्या कँपातल्या कडुनिंबांवर थंडीतलं कोरडं ऊन पसरलेलं असायचं आणि आत, भरदुपारी दिवा लावून, आई बाबांचं पत्र मोठ्यानं वाचायची. बाबा लष्करात मेजर. लढाई सुरू झाली होती आणि ते सीमेवर होते. रणगाडे गेल्यापासून आमचा रस्ता इतका शांत झाला होता, की दूधवाल्याच्या सायकलची घंटा पार वळणावरून ऐकू यायची.

त्या पत्रातलं एक वाक्य मला काट्यासारखं रुतलं. ‘रोजनिशीशी दोन शब्द बोलल्याशिवाय डोळा लागत नाही.’ आईनं ते नेहमीच्या संथ सुरात वाचलं. मी ऐकलं ते असं – रोज, निशीशी.

म्हणजे तिथे कुणी निशी होती. मी तिला दोन वेण्या दिल्या, लाल रिबिनी दिल्या आणि बाबांच्या मांडीवरची माझी जागाही तिनं बळकावलेली पाहिली. शेवटी न राहवून भांडी घासायला येणाऱ्या धोंडाबाईला सांगितलं.

“आगं बया! रोज बोलत्यात? आन् तुझ्या आईला ठाव हाय?”

“तिनंच वाचून दाखवलं.”

“मंग लई धीराची हाय बाई तुझी आई!” राखेचे हात तसेच वर धरून ती हसत सुटली. आईही हसली, पण उलगडा केला नाही. “येऊ देत बाबांना, घेऊन येतील तुझ्या निशीला,” एवढंच म्हणाली.

बाबा आले. त्यांची काळी ट्रंक उघडली, तेव्हा मी आधी विचारलं, “निशी कुठंय?” आईनं सगळं सांगितल्यावर बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि सुतळीनं बांधलेल्या हिरव्या कापडी वह्या त्यांनी माझ्या हातात ठेवल्या. “ही घे तुझी निशी!” डिझेल, तंबाखू आणि आपल्याकडची नव्हे अशी कुठलीशी ओली माती – असा तिला वास होता. घरात तेच नाव रूढ झालं.

मत्सर तिथेच संपायला हवा होता... मुलीशी कट्टी तरी घेता येते; वहीशी काय घेणार? बाबांनी नोकरी सोडली आणि निशीच्या आधारानं त्या युद्धाचा इतिहास लिहायला बसले. दुष्काळाचं वर्ष. बाहेर टँकरपाशी हंड्यांचा खणखणाट, आत बाबा नकाशावर भिंग धरून निशीतली ओळ पडताळत बसलेले. संध्याकाळचं किल्ल्याच्या खंदकापर्यंतचं आमचं फिरणं बंद झालं. एकदा मी टेबलाला टेकून विचारलं,

“बाबा, हिच्यात माझं नाव कुठंय?”

त्यांनी चष्मा काढला. खोटं त्यांना मुलांशीही बोलता येत नसे. “नाही गं, सुमे. विसरायची भीती असते, तेच लिहून ठेवायचं. तुला कशाला लिहू?”

आईला हे उत्तर फार आवडलं. आल्यागेल्याला ती ते ऐकवी. मला नाही आवडलं. मी चोरून निशी चाळली होती. रणगाड्याच्या सावलीत येऊन बसणाऱ्या एका लंगड्या कुत्र्याला तिच्यात जागा होती.

पुढे पुस्तक झालं, लोक बाबांना इतिहासकार म्हणू लागले... आणि म्हातारपणी त्यांच्या मनातून नावं गळू लागली. लढाईतली नदी राहिली, गावं राहिली, ते कुत्रंही राहिलं – इतक्यांदा वाचलेलं होतं ते. माझं नाव मात्र गेलं. एका संध्याकाळी माझ्याकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले,

“निशी, बैस. आज काय काय झालं, सांगतो.”

मी चूक दुरुस्त केली नाही. स्टूल ओढून बसले. मग रोजच बसू लागले. डोळा लागेपर्यंत ते माझ्याशी बोलत.

आता त्या नावानं हाक मारणारं कुणी नाही. वह्या माझ्या कपाटात आहेत. डिझेलचा वास जवळजवळ उडालाय. अधूनमधून काढते, ऊन दाखवते, त्या कुत्र्यापाशी थांबते... आणि परत ठेवताना माझा हात अजूनही जरा जोरातच पडतो.