एकाच माणसाची सही

लेकीच्या लग्नाची याद लिहायची होती. याद म्हणजे सोयरीक जमली की दोन्हीकडच्यांनी लिहून घ्यायचा कागद: वधूवरांचे बाप, गावं, मानपान आणि खाली दोन्ही मामांच्या सह्या. आमच्या घरात असे चार कागद जपलेले होते. पणजोबांचा मोडीतला, तो वडिलांनी बाळबोधीत उतरवून ठेवलेला; मग आजोबांचा, आईवडिलांचा आणि माझा. मला फक्त मजकुराचा नमुना हवा होता. पण कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची मला सवय आहे.

दुसऱ्या कागदावर थांबलो. मुलीचा बाप म्हणून ज्याचं नाव, तोच खाली मुलाचा मामा. बाकीचे तपासले. चारपैकी तीन कागदांत हेच. माझी बायको तेवढी हसनाबादची, परक्या घरातली. आता माझी लेक आष्टीला, माझ्या बहिणीच्या मुलाला द्यायची ठरली होती. म्हणजे या कागदावर मुलीचा बाप मी आणि मुलाचा मामाही मीच.

तोवर यात वावगं काही वाटलं नव्हतं. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच, असं आम्ही मानत आलो. पण आजोबांच्या नावावर बोट ठेवलं आणि ते आठवले: चाळिशीतच दिवेलागणीला भिंत धरून चालणारे. मग चुलते, तसेच. आणि गेल्या दिवाळीत अंधार पडताना भाच्याने मोटारसायकल दुभाजकावर घातली होती.  बहिणीला फोन लावला.

"आक्का, पोराला सांजंला बराबर दिसतं का?"

"पोरगी द्यायची न्हाई तर तसं सांग. माझ्या पोराच्या डोळ्यांना कशाला नावं ठिवतोस?"

"आजोबा आठव. चुलते आठव."

"मंग? आपल्या दोघांना काय झालं? दिसतंय ना चांगलं?"

"आपल्याला न्हाई झालं, पण रक्तात दडून असंल. तिन्ही लग्नं घरातल्या घरात झालीत, आक्का. मी कागद पाहिलेत."

"तू शाळेतबी असाच होतास. दुसऱ्याच्या पाटीवरची चूक आधी दिसायची तुला." तिने फोन ठेवला.

दोन दिवस तिचा फोन नाही. बायको म्हणाली, "तोडलंत आता माहेर त्यांचं." तिसऱ्या दिवशी आक्काच बोलली, अगदी हळू.

"भाऊ, काल अंधार पडता पडता त्याला अंगणातल्या दोरीवरची चादर आणायला लावली. मी ओट्यावरून बघत होते. चादर त्याच्या हातभर पुढं होती रे. तो हवेत चाचपडत होता. मला म्हणला, आई, तू काढलीस का?"



याद लिहिली नाही. सोमवारी आक्का त्याला घेऊन जालन्याला येतेय, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. माझ्या लेकीलाही मी सोबत नेणार आहे. बायको म्हणते, एकदा जिन्यातला दिवा घालवून बघा, ती कशी उतरते ते, तेवढंच कळेल. बटण माझ्या हाताशीच आहे. काल रात्री लेक तीनदा खाली उतरली. तिन्ही वेळा मी दिवा चालूच ठेवला.