कामठ्याच्या अंगणातला रोबो

गोंदियाला जायचं ठरलं ते चक्क ऑफिसमुळे. आमच्या कंपनीनं गोंदियाजवळच्या कामठ्याच्या पाच मुलींना एका स्पर्धेसाठी, जमिनीवरची पट्टी पकडून चालणाऱ्या रोबोचे सुटे भाग दिले होते. दहावीचं वर्ष म्हणून शाळेनं हात वर केले, तरी मुलींनी टीम स्वतःच चालू ठेवली. साहेब म्हणाले, "तुमच्यासमोर रोबो पट्टीवरून शेवटपर्यंत चालला तर सामान त्यांचं. नाहीतर दुसऱ्या गावाला देऊ." असलं परीक्षकपण मला मुळीच आवडत नाही, पण तो मुलूख पाहायचा होता. निघाले.

पुण्याहून थेट रेल्वे आहे, जवळजवळ अख्खा दिवस खाते. गोंदिया स्टेशनबाहेर तर्री पोहे खा, पण पाणी जवळ ठेवा! दुकानदार हिंदीत विचारतो, गिऱ्हाईक मराठीत उत्तर देतं, कुणाचं काही अडत नाही. पुढे कामठ्याला एसटी मिळते. दोन्ही बाजूंना पिकत आलेलं धान होतं.

बुद्धविहाराच्या अंगणात अख्खी वस्ती जमलेली. मी स्पर्धेत असतं तसं पांढरं फ्लेक्स अंथरलं, त्यावर काळी वळणदार पट्टी. कॅप्टन प्रणालीनं रोबो सोडला. तो पट्टी सोडून थेट चपलांच्या ढिगात घुसला. तीनदा तेच.

"काऊन असा करून राहिला?" प्रणाली पुटपुटली.

तिची आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुमचा कपडाच उलटा हाये."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती आणि शेजारणी हे अंगण शेणानं सारवायच्या, मुली त्यावर चुन्याची पट्टी ओढून सराव करायच्या. काळपट जमीन, पांढरी पट्टी. रोबो तेच शिकला होता. पट्टी काळी असते, हे मी पाठवलेल्या इंग्रजी नियमावलीत कुठंतरी होतं. एक फोन करून मराठीत सांगायचं मला सुचलं नव्हतं. फार लाज वाटली.

मी लॅपटॉप काढला. "आण, मी प्रोग्रॅम बदलून देते."

"नको म्याडम." प्रणालीनं रोबो छातीशी धरला. "तुमी केलं त लोक म्हनतीन, म्याडमनं करून देलं. आमी गोंदियाले जातो."

गोंदियातला एक झेरॉक्सवाला त्यांना कॉम्प्युटर फुकट वापरू देतो. पाचही जणी एसटीत चढल्या. माझी परतीची गाडी चुकणार होती, चुकू दिली. प्रणालीच्या आईनं भात आणि मासोळीचा रस्सा वाढला.

"येतील का वेळेत?" मी विचारलं.

"त्या येतीन. तुमी जेवा."

रस्सा झणझणीत होता, पण माझं सगळं लक्ष एसटीच्या रस्त्याकडे.

दिवस कलताना मुली परतल्या. रोबो निघाला, शेवटच्या वळणावर अडखळला, थांबला, आणि पट्टी पकडून पार गेला. बायकांनी अशा टाळ्या पिटल्या की मलाच रडू आलं. साहेबांना तिथूनच फोन केला, सामान कामठ्यातच राहतंय म्हणून.

पुण्यात परतले त्याच आठवड्यात ऑफिसातली नवी मुलगी प्रोग्रॅममध्ये अडकली. सवयीनं मी तिचा कीबोर्ड ओढला. ती मुकाट्यानं खुर्ची सोडून उठली. किती वर्षं किती जणी माझ्यासमोरून अशा उठल्या असतील!

"बस," मी म्हटलं. "तूच कर."